आधी पायी, मग चाकावर

(सांगलीतील एका व्याख्यानमालेत तरुण व कुटुंबीय श्रोत्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना 'साहसवीर' असा शब्द वापरला. तो ऐकताच पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी ज्या रीतीने पदर तोंडाला लावला, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या हसण्यात माझ्या साहसाचा संपूर्ण इतिहास सामावलेला आहे. तेव्हा प्रारंभीच नम्रपणे सांगतो, की आजचे भाषण एका वीराचे नसून पाण्यात पडलेल्या एका शिक्षकाचे आहे. वीरांची भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. पडलेल्या माणसाला मात्र कोणी व्यासपीठावर बोलावत नाही. संयोजकांनी ते धाडस दाखवले, याबद्दल त्यांचे आभार.

मी व्यवसायाने पदार्थविज्ञानाचा शिक्षक. बावीस वर्षे मी मुलांना आर्किमिडीजचा सिद्धांत शिकवला. पदार्थ द्रवात बुडाला म्हणजे त्याने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतका त्याचा भार कमी होतो, हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकतो. परंतु त्याचा खरा अर्थ मला उमगला तो जुलै २०१९ मध्ये, हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात, कमरेइतक्या पाण्यात बसलेला असताना. आर्किमिडीज पाण्यातून ओरडत बाहेर आला, असे सांगतात. मीही ओरडतच बाहेर आलो. शब्द मात्र निराळे होते आणि ते या व्यासपीठावर उच्चारण्याजोगे नाहीत.

झाले असे, की माझा भाचा अभियंता झाला आणि त्याच्या डोक्यात हिमालयाने घर केले. "मामा, तुम्ही येणार असाल तरच आई सोडेल," असे त्याने सांगितले. म्हणजे मला तो सोबत नेत नव्हता, परवानापत्र म्हणून नेत होता! दोघांकडेही रॉयल एनफील्डची त्या वेळची ४११ सीसीची 'हिमालयन' ही गाडी. पुढचे चाक २१ इंची, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा, आणि सामान न लादताच वजन जवळजवळ दोनशे किलो. सामान लादल्यावर तिला स्टँडवरून सरळ करणे हाच एक व्यायामप्रकार होतो. मिरजेहून गाड्या रेल्वेने दिल्लीपर्यंत पाठवल्या आणि तिथून पुढे मनाली गाठले.

मनालीहून रोहतांग खिंड ओलांडली, की पलीकडे ग्रांफू नावाचे ठिकाण लागते. तिथे रस्ता फुटतो. डावीकडचा केलाँग आणि लेहकडे जातो, उजवीकडचा छत्रू, छोटा दरा, बातल, कुंझुम खिंड असा स्पितीच्या खोऱ्यात काझ्याला पोहोचतो. आज लाहौलात जायला रोहतांग चढण्याची सक्ती उरलेली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरहून अधिक लांबीचा अटल बोगदा खुला झाला. परंतु ग्रांफूपासून बातलपर्यंतच्या सुमारे पन्नास किलोमीटरची ख्याती मात्र त्या बोगद्याच्या आधीपासूनची आहे. तिथे रस्ता म्हणजे धोंड्यांची रांग, आणि डोंगरावरून उतरणारे ओढे थेट त्या रांगेवरून वाहत पलीकडच्या नदीला मिळतात.

त्या नदीचे नाव चंद्रा. ती पुढे तांदी येथे भागा नदीला मिळते आणि दोघी मिळून चंद्रभागा होतात. तीच पुढची चिनाब. ज्या मराठी माणसाच्या कानात पंढरपूरची चंद्रभागा लहानपणापासून आहे, त्याला अकरा-बारा हजार फुटांवर तेच नाव भेटते तेव्हा ऊर भरून येतो. माझाही आला. मी हात जोडून म्हणालो, "माउली, लेकराला सांभाळ." माउलीने ऐकले, परंतु आधी एक धपाटा घातला.

हिमालयातल्या ओढ्याचा स्वभाव आपल्या ओढ्याहून वेगळा असतो. आपला ओढा पावसावर चालतो, तिकडचा उन्हावर. रात्री थंडीत बर्फ वितळायचे थांबते, म्हणून पहाटे ओढा शहाण्या मुलासारखा घोट्याएवढा वाहतो. ऊन चढले की वर हिमनदी पाझरू लागते, आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास तोच ओढा मांडीपर्यंत येऊन अंगावर धावतो. या भागात 'पागल नाला' असे नाव लावलेले एकाहून अधिक ओढे आहेत. मला विचाराल तर हे वेडे फार नेमस्त. सकाळी शहाणे, दुपारी वेडे, रात्री पुन्हा शहाणे, असे वेळापत्रक पाळणारा वेडा दुसरीकडे पाहायला मिळत नाही. त्याच्यापुढे दुपारी चार वाजता जाऊन उभा राहणारा माणूसच खरा पागल.

आम्ही छत्रू सोडले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मनालीत नाश्त्याला उशीर झाला, त्याचे कारण मी. पराठे उत्तम होते. थोड्या अंतरावर पहिला मोठा नाला आडवा आला. रुंदी सुमारे चाळीस पावले. पाणी राखाडी, कारण हिमनदी खडक दळून त्याचे पीठ सोबत आणते. त्यामुळे तळ दिसत नाही. काठावर एक गद्दी मेंढपाळ आपला कळप घेऊन बसला होता. उन्हाळ्यात ही मंडळी शेकडो मेंढ्यांसह या खोऱ्यात चढून येतात. त्याने आमच्या गाड्यांकडे, मग माझ्या पोटाकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "बाबूजी, पहले पैदल जाओ."

समोर दोन जागा होत्या. डावीकडे नाला अरुंद, पाणी गुळगुळीत, शांत, जणू तेल. उजवीकडे तो पसरलेला, दगडांवरून खळाळणारा, फेसाळलेला. मला डावीकडची जागा पसंत पडली. मेंढपाळाने काठीने उजवीकडे खूण केली. आणि त्या क्षणी भाचा म्हणाला, "मामा, उथळ पाण्याला खळखळाट फार!" ही म्हण आपण आयुष्यभर माणसांची टवाळी करण्यासाठी वापरतो. ती प्रथम कोणा नदी उतरणाऱ्याने आपल्या मुलाला शिकवलेली असावी, असे मला तेव्हा वाटले. नाला तोच, पाणी तेवढेच. जिथे पात्र पसरते तिथे ते उथळ होते आणि दगडांवर आपटून बोलते. जिथे आक्रसते तिथे खोल जाऊन गप्प बसते. आपल्या भाषेत नदी ओलांडण्याच्या जागेला 'उतार' म्हणतात. उतार शोधणे ही पहिली विद्या.

भाच्याने बूट घट्ट केले, हातात काठी घेतली आणि तो पाण्यात शिरला. पाऊल घसटत, काठी टेकवत पलीकडे गेला, परत आला. कुठे मोठा धोंडा आहे, कुठे खळगा आहे, पाणी गुडघ्याच्या वर कुठे येते, हे त्याने मनात टिपून ठेवले. मी मात्र काठावर बसून वहीत गणित मांडले. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. गाडीचा पाण्याखालचा भाग तीस लिटर धरला तर चाकांवरचा भार तीस किलोने घटतो. भार घटला की टायरची पकडही घटते. गणित अचूक होते. पण मी पाण्यात उतरलो नाही. कारण? मोजे भिजतील म्हणून.

आता दुचाकी पाण्यातून काढायची कशी, ते सांगतो. त्यात गुपित काही नाही. पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाहून किंचित अधिक वेगाने, उजवी मूठ एकसारखी धरून जायचे. इंजिन चालू असेतो सायलेन्सरमधून बाहेर पडणारा वायू पाणी आत येऊ देत नाही. मध्येच मूठ सोडली आणि इंजिन बंद पडले, की पाणी त्या वाटेने आत शिरू शकते. चाकाच्या आसापर्यंतचे पाणी ही गाडी सहज काढते. त्यावर गेले की प्रत्येक वीत विचार करायला लावते, आणि इंजिनाला हवा पुरवणाऱ्या तोंडापर्यंत पाणी आले की विचार करण्याजोगे काही उरत नाही. हात सैल, गुडघे टाकीला टेकलेले, आणि दृष्टी पलीकडच्या काठावर. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. वाहत्या पाण्याकडे पाहिले की आपणच वाहतो आहोत असा भास होतो, तोल जातो, आणि ज्या धोंड्याकडे आपण भीतीने टक लावतो, गाडी इमानदारीने नेमकी त्याच धोंड्यावर जाऊन आदळते.

भाचा गेला. पंधरा सेकंदांत पलीकडे. मेंढपाळाने मान डोलावली. मग मी निघालो. सुरुवात उत्तम झाली. मध्यावर आल्यावर माझ्या मनात एक शास्त्रीय जिज्ञासा उत्पन्न झाली, की पाणी नेमके आसाच्या वर आहे की खाली? आणि मी खाली पाहिले. भाच्याच्या पायांनी हेरलेला खळगा माझ्या वहीत नव्हता. पुढचे चाक त्यात गेले, मूठ आपोआप सुटली, आधारासाठी टेकलेला डावा पाय गोलगोट्यावरून निसटला, आणि गाडी व मी अत्यंत सावकाश, एखाद्या मंगल कार्यात नमस्काराला वाकावे तसे, पाण्यात आडवे झालो. पाणी इतके थंड, की पहिला श्वास आत गेला तो बाहेर यायलाच तयार नव्हता. दोन्ही बुटांच्या कळशा झाल्या. मोजे वाचवायला गेलो होतो, आपादमस्तक भिजलो.

भाचा धावत आला. त्याने एक गोष्ट अचूक केली. माझ्याआधी त्याने इंजिन बंद करण्याचे लाल बटण दाबले. सौभाग्यवतींना हे आजही पटलेले नाही, की मामाआधी गाडी का? पण त्याचे बरोबर होते. मामा श्वास घेत होता ते दिसत होते. गाडीने पाण्याचा श्वास घेतला असता तर ती तिथेच संपली असती. सिलिंडरमध्ये दट्ट्या वर येतो तेव्हा आतल्या हवेचे दाबून सुमारे नवव्या-दहाव्या हिश्शाएवढे आकारमान करतो. हवा दबते. पाणी दबत नाही. हवेच्या जागी पाणी असेल तर दट्ट्या अडतो आणि त्याला जोडलेला पोलादी दांडा वाकतो. मग चंद्रा नदीच्या काठी, जिथे दूरध्वनीही लागत नाही, तिथे दोनशे किलोचे लोखंड सांभाळत बसावे लागते.

मेंढपाळ आणि भाच्याने गाडी उभी केली. ती ढकलताना म्हातारा आम्हाला ओघाच्या वरच्या अंगाला राहायला सांगत होता; गाडी पुन्हा कलंडली तर ती माणसावर न पडता दूर पडावी म्हणून. पलीकडे आल्यावर मी सवयीने स्टार्टरकडे बोट नेले, तोच भाचा ओरडला, "मामा, हात लावू नका!" बावीस वर्षे मी प्रयोगशाळेत जे वाक्य मुलांना ओरडून सांगितले, तेच त्या दिवशी मला ऐकावे लागले. मग यथाविधी सर्व झाले. एअर फिल्टर काढून पाहिला. ओला होता, पिळून उन्हात ठेवला. प्लग काढला. प्लग नसताना स्टार्टर फिरवला, तेव्हा त्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली आणि एका मेंढीने आमच्याकडे तुच्छतेने पाहिले. इंजिनातले ऑइल तपासले. ते दुधाळ झाले असते तर पाणी तिथवर पोहोचले असे समजायचे. सुदैवाने ते काळेच होते. दीड तासाने गाडी सुरू झाली. पुढे काही अंतर ब्रेक हलके दाबत गेलो, कारण भिजलेला ब्रेक आपण ब्रेक आहोत हे काही काळ विसरतो. निघताना मेंढपाळाला पैसे देऊ केले. त्याने घेतले नाहीत. हसून एवढेच म्हणाला, "भेड़ भी पहले पैर रखकर देखती है।" मेंढीसुद्धा आधी पाय ठेवून पाहते!

पुढचा नाला आला तेव्हा साडेचार वाजले होते. हा पहिल्यापेक्षा अरुंद, पण पाण्याच्या पोटात दगड गडगडत असल्याचा आवाज स्पष्ट येत होता. भाचा काठी घेऊन उतरला. तिसऱ्या पावलाला काठी थरथरू लागली, चौथ्याला पाणी मांडीला लागले. तो मागे वळला. त्याच्या चेहऱ्यावरची निराशा मी पाहिली. त्याने घरी बसून अशा साहसाच्या कितीतरी चित्रफिती पाहिल्या होत्या. त्यांत सगळेच तुषार उडवत पलीकडे जातात. मी म्हणालो, "अरे, ज्यांची गाडी वाहून गेली, त्यांचा कॅमेराही तिच्याबरोबरच गेला. ते कुठून दाखवणार?" आम्ही मागे फिरलो, वाटेतल्या एका तंबूवजा ढाब्यात राजमा-भात खाल्ला आणि जाड रजयांत शिरलो. सकाळी सहाला त्याच नाल्यात पाणी घोट्याच्या थोडे वर होते. तो आम्ही गप्पा मारत ओलांडला. रात्रभराच्या झोपेने जे काम केले, ते सगळ्या इंजिनांच्या शक्तीने केले नसते.

मित्रहो, ही गोष्ट इथेच संपली असती तर ती केवळ सहलीची गोष्ट ठरली असती. परंतु आम्ही जुलैअखेर परतलो आणि आठवडाभरात ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आपल्यापैकी प्रत्येकाने तो भोगला आहे. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. कृष्णामाई त्या वेळी ५७ फुटांच्याही वर गेली. त्याची आठवण करून देण्याची गरज नाही. अनेकांच्या घरांच्या भिंतींवर ती रेषा अजून असेल.

माझी आई त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. वारणाकाठच्या गावी एकटी. दूरध्वनी बंद. भाचा आणि मी गाड्या काढल्या. गावाच्या अलीकडे तीन किलोमीटरवर एका ओढ्यावर फरशी आहे. तिच्यावरून पाणी चालले होते. फार नव्हते. कडेच्या खुणेच्या दगडांवरून अंदाज बांधला तर फूटभर असेल. पलीकडे गावाचे पाण्याचे टाके दिसत होते. आमच्या गाड्या तर हिमालयातून आलेल्या! मागे चार-पाच दुचाकीस्वार थांबले होते, त्यांतला एक म्हणाला, "सर, तुमची गाडी उंच हाय, तुम्ही व्हा पुढं, आम्ही मागनं येतो." समोर आई होती, मागे श्रोते होते. मनुष्य अविचार करतो तो बहुधा अशाच वेळी. खरे सांगतो, मी पहिला गिअर टाकला होता.

भाच्याने माझ्या गाडीपुढे गाडी आडवी घातली. खाली उतरला, बाभळीची एक लांब फांदी घेतली आणि काठाशी उभा राहून फरशीच्या कडेला खुपसली. फांदी खाली जातच राहिली. पाणी लाल-काळे, तळ दिसेना. त्याने काठावर एक खडा ठेवला. दहा मिनिटांत खडा पाण्याखाली गेला. नाला सकाळपर्यंत उतरतो, कारण वर बर्फ गोठते. हा ओढा फुगत होता तो नदी मागे सारत होती म्हणून. तो कधी उतरेल हे सांगणारे वेळापत्रकच नव्हते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, इथे पायी जाता येत नाही. म्हणजे गाडीवरही जाता येत नाही." त्याचे डोळे भरले होते. पलीकडे त्याचीही आजीच होती. आम्ही वळलो. आमच्या मागून आलेले सगळेच वळले. मग त्याच रस्त्यावर गाड्या आडव्या लावून संध्याकाळपर्यंत आम्ही येणाऱ्यांना थांबवत राहिलो. काहींनी शिव्या दिल्या. त्या खाल्ल्या.

पाचव्या दिवशी पाणी ओसरले तेव्हा ती फरशी पाहिली. मधल्या तीन नळांचा भाग जागेवर नव्हता. रस्ता दोन्ही बाजूंना शाबूत, आणि मध्ये पोकळी. त्या दिवशी वरून वाहणारे पाणी तिथे फूटभर नव्हतेच. तो भाग आम्ही पाहिला त्या आधी गेला की नंतर, हे कोणालाच सांगता येणार नाही. ते सांगता येत नाही, हेच तर सारे प्रकरण आहे.

आम्ही बांधावरून, चिखल तुडवत, चालत गावात गेलो. आई सुखरूप होती. पाणी चढू लागताच शेजारच्या पोरांनी तिला आदल्याच रात्री पाटावर बसवून शाळेच्या माडीवर नेले होते. तिथे ती चाळीस बायकांमध्ये बसून पिठले ढवळत होती. मला पाहून पहिला प्रश्न विचारला, "गाडी पाण्यात घातली न्हाईस न्हवं?" मी म्हणालो, "नाही, भाच्याने अडवले." तिने त्याला जवळ घेतले, चिखलाच्या हातानेच त्याच्या तोंडावरून बोटे मोडली आणि म्हणाली, "तुझा पणजोबा म्हणायचा, बैल जिथं पाण्यात पाय टाकत न्हाई, तिथं गाडीवानानं खाली उतरून बघावं. चाबूक मारू नये."

आमच्या पणजोबांचा बैल, लाहौलची मेंढी आणि माझा भाचा यांनी एकच धडा सांगितला. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला तो कळायला मात्र एक नाला आणि एक पूर लागला.

तरुण मित्रहो, तुम्ही हिमालयात अवश्य जा. गाडी घेऊन जा, पाण्यात उतरा, पडा, हसा. भित्र्या घरात वाढलेल्या मुलांकडून पुरात कोणाचे रक्षण होणार नाही. ज्याने थंड पाण्यात स्वतःचे पाय रोवून ओघाचा जोर अनुभवला आहे, त्यालाच फरशीवरचे फूटभर पाणी काय करू शकते याची खरी कल्पना असते. आणि आई-वडिलांनो, मुलगा परत आल्यावर त्याने किती नाले ओलांडले हे विचाराच, पण त्याआधी विचारा, की कितींपाशी तो मागे फिरला. त्याचे उत्तर 'एकही नाही' असे आले, तर पुढच्या वेळी त्याच्यासोबत एखादा मामा पाठवा.

मामा मात्र पोहता येणारा असावा. माझ्या बाबतीत ही चौकशी राहून गेली होती.